जुनं काँक्रीट फोडून त्याचीच खडी: मुंबईत पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

मुंबईत ऑक्टोबर लागला की रस्ते खोदायला घेतात आणि ३१ मेच्या आत उरकायची घाई, हे दरवर्षीचंच आहे, आणि त्या सात-आठ महिन्यांत जे जुनं काँक्रीट निघतं त्यातलं बरंचसं डेब्रिज म्हणून डंपरने बाहेर जातं आणि त्याच गेटमधून नवीन खडीचा डंपर आत येतो. दोन्हीचे पैसे आपणच भरतो. आणि त्या जुन्या काँक्रीटमधला दगड असतो कुठला, तर आपलाच काळा बसॉल्ट, आजही आसपासच्या खदानींतून येतो तोच, फक्त त्याच्या अंगाला जुनं सिमेंट आणि वाळू चिकटलेली असते.

हे चिकटलेलं मॉर्टर नीट लक्षात ठेवा कारण पुढची सगळी भानगड त्याचीच आहे. मॉर्टर सच्छिद्र असतं म्हणून जुनं काँक्रीट फोडून केलेली ही रिसायकल खडी पाणी जास्त पिते, वजनाला हलकी भरते, आणि मार खाल्ला की लवकर फुटते. ताज्या बसॉल्टची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या किती पट जड ते, २.८ च्या आसपास असते, रिसायकल खडीची २.३ ते २.५. पाणी शोषणं बसॉल्टचं एक-दोन टक्के, हिचं तीनपासून आठ टक्क्यांपर्यंत जातं. म्हणून ती बाद का? अजिबात नाही, पण कुठे घालायची ते कळलं पाहिजे.

हे मी लिहितोय ते ज्युनिअर इंजिनिअर, छोटे कॉन्ट्रॅक्टर आणि सोसायटीच्या कमिटीत अडकलेल्या लोकांसाठी, ज्यांच्यासमोर कंपाउंडचं नाहीतर आतल्या रस्त्याचं काँक्रीट फोडायचं काम आलंय. एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, खडी चांगली निघणार की नाही हे फोडायच्या दिवशीच ठरतं. क्रशर माल फक्त बारीक करतो, साफ करत नाही. घाण घातली तर बारीक घाण मिळते.

आधी नीट फिरून बघा

हातोडी घ्या आणि सगळा एरिया चालून काढा. वरती काय काय आहे ते बघा, खड्ड्यांत भरलेलं मॅस्टिक (डांबराचं घट्ट मिश्रण), डांबराचे पॅच, कुणीतरी पार्किंगमध्ये चिकटवलेल्या टाइल्स, पाइप टाकल्यावर ट्रेंचवर मारलेलं कच्चं प्लास्टर. हे सगळं खडीत जायला नको. हातोडी मारल्यावर खणखणीत आवाज आला तर काँक्रीट धड आहे, ठप्प आवाज आला तर तिथे पोकळ झालंय किंवा वरचा थर सुटलाय, तो भाग खडूने मार्क करा आणि त्याचा माल वेगळा काढा.

मग खाली काय आहे ते शोधा. सोसायटीत सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे अंडरग्राउंड टाकीचा स्लॅब, वरून कंपाउंडसारखाच दिसतो आणि पोकलेनवाल्याला कुणी सांगितलेलं नसतं. जुने प्लॅन मिळाले तर उत्तमच, नाही मिळाले तर सगळी चेंबरची झाकणं उघडून पाणी, ड्रेनेज, गॅस आणि इलेक्ट्रिकच्या लाइनी कुठून कुठे जातात ते जमिनीवर पेंटने आखून घ्या, आणि वॉचमनला विचारा, कारण मागच्या वेळी कुठे काय खोदलं होतं हे सेक्रेटरीपेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

जाडी किती आहे ते कडेला एखादा कोपरा फोडून बघा. मग हिशोब सोपा आहे. समजा ५०० चौरस मीटर एरिया आणि १५० मिलिमीटर जाडी, म्हणजे ७५ घनमीटर, आणि काँक्रीटचं वजन घनमीटरला साधारण २.४ टन, म्हणजे १८० टन माल झाला. फुटल्यावर तो फुगतो, दीडपट तरी धरा, म्हणजे ११० घनमीटरच्या वर. आपल्याकडे सगळा व्यवहार ब्रासमध्ये चालतो आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर, तर हे झाले साधारण ४० ब्रास. एवढा ढीग ठेवायला जागा आहे का? मुंबईत अर्धी कामं इथेच अडतात, गाड्या लावायला जागा नाही तिथे ढीग कुठे लावणार, त्यामुळे काम दोन-तीन भागांत पाडून घ्यायची तयारी ठेवा.

कागदपत्रं

हे पटकन सांगतो. बांधकामाच्या कचऱ्यासाठी केंद्राने २०१६ मध्ये नियम काढले, त्यात एका दिवसात २० टन किंवा महिन्यात एका प्रोजेक्टमधून ३०० टनांच्या वर माल काढणाऱ्याने काँक्रीट, माती, वीट-मॉर्टर आणि सळया-लाकूड-प्लास्टिक असे चार वेगळे ढीग करायचे आणि स्थानिक पालिकेकडून प्लॅन मंजूर करून घ्यायचा असं होतं. २०२५ मध्ये नवीन नियम आले, लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६, त्यात २०,००० चौरस मीटर आणि त्याच्या वरच्या बांधकामांवर जास्त जबाबदारी टाकलीय. तुमचं काम लहान असलं तरी चार ढिगांची सवय सोडू नका, ती कायद्यासाठी नाही तर मालासाठी चांगली आहे. काम सुरू करायच्या आधी वॉर्ड ऑफिसला जाऊन या. काम पब्लिक रस्त्यावर असेल तर तो माल तुमचा नाही, पालिकेचा आहे, टेंडरमध्ये त्याचं काय लिहिलंय ते आधी वाचा.

धुळीसाठी पालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये गाइडलाइन काढल्या, पत्र्याचं कुंपण, पाणी मारणं, गाडी झाकून नेणं, चाकं धुऊन बाहेर सोडणं वगैरे. रात्री १० ते सकाळी ६ ब्रेकर लावायचा नाही. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत तर दिवसासुद्धा शेजारच्या बिल्डिंगला आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या तासातच पोलीस व्हॅन येते.

फोडायचं कसं

आता मुख्य काम. वरचं डांबर आणि मॅस्टिक आधी खरवडून काढा, छोट्या एरियात हातातला ब्रेकर आणि फावडं पुरतं. टाइल्स, प्लास्टर, वरचा कचरा, सगळं बाजूला. जॉइंटमध्ये काळं किंवा करडं रबरासारखं सीलंट भरलेलं असतं, खाली फोमची दोरी असते, ती कटर मारून ओढून काढा, लांबच्या लांब पट्टी निघते. हे आळसाने राहून गेलं की पुढे खडीत रबराचे तुकडे दिसतात आणि ते वेचणं अशक्य असतं.

नेहमीच्या काँक्रीट रस्त्याची रचना माहीत असेल तर फोडणं सोपं जातं. वरती पीक्यूसी म्हणजे पेव्हमेंटचं भारी काँक्रीट, सहसा एम ४० ग्रेडचं (एमपुढचा आकडा जेवढा मोठा तेवढं काँक्रीट मजबूत), खाली डीएलसी म्हणजे कमी सिमेंटचं कोरडं रोल केलेलं काँक्रीट, आणि या दोघांच्या मधे प्लास्टिकचा कागद, १२५ मायक्रॉनचा. हा कागद सगळ्यांच्या लक्षातून जातो. पोकलेनने एकदम खोल बकेट घातलं की पीक्यूसी, प्लास्टिक, डीएलसी आणि खालचा मुरूम असं सगळं एकत्र वर येतं आणि तिथेच तुमचा माल गेला. म्हणून वरचा थर फोडायचा, तो उचलायचा, मग दोन माणसं लावून प्लास्टिक गोळा करायचं, आणि मगच खालच्या थराला हात लावायचा. ऑपरेटरला हे सकाळीच सांगा, आणि तो तासावर असेल तर तो ऐकेल, कामावर ठरवलेला असेल तर ऐकणार नाही. म्हणून पोकलेन तासावर घ्या, थोडं महाग पडलं तरी.

सळया पॅनेलच्या मधे नसतात, जॉइंटला असतात. आडव्या जॉइंटला गुळगुळीत जाड डॉवेल बार, उभ्या जॉइंटला बारीक टाय बार. त्यामुळे ब्रेकर पॅनेलच्या मधून चालवायला सुरुवात करा आणि जॉइंटच्या दोन्ही बाजूंचा फूटभर पट्टा शेवटी ठेवा, तिथलं काँक्रीट फुटलं की सळया सरळ उपसून निघतात. सोसायटीच्या कंपाउंडमध्ये मात्र काहीही असू शकतं, गेटजवळ नाहीतर फायर इंजिनच्या रस्त्याला कुणीतरी ८ मिलिमीटरची जाळी टाकलेली असते, तिथे गॅस कटर लागतो. सळया भंगारवाल्याला जातात, त्याचे पैसे कोणाचे ते आधी लिहून घ्या, या एका मुद्द्यावरून मी कमिटीच्या मीटिंगा रात्री अकरापर्यंत चाललेल्या बघितल्यात.

तुकडे किती मोठे ठेवायचे ते क्रशरच्या तोंडावर अवलंबून. लहान जॉ क्रशरला एक-दीड फुटाच्या वरचा तुकडा अडकतो, मग सळई घालून तो काढायला माणूस वाकतो आणि अपघात होतात, म्हणून विचारून घ्या आणि त्यापेक्षा लहानच फोडा.

फोडताना सतत पाणी मारा, पाइप चालू ठेवा. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की परत निघत नाही, आणि तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवत नाही. ब्रेकरवाल्याला एन ९५ तरी द्या, गॉगल आणि कानाला मफ द्या. उन्हात तो काढून ठेवतो, मुकादमाला तिथे उभं करा.

ढीग

काँक्रीटचा ढीग मातीवर घालू नका, खाली जुना स्लॅब किंवा पत्रे असूद्यात. पहिल्या दिवसापासून त्यावर लक्ष ठेवा कारण मुंबईत एक उघडा ढीग दिसला की रात्रीतून कुणीतरी आपल्या फ्लॅटचं रिनोव्हेशनचं डेब्रिज त्यावर ओतून जातं. ते फक्त दिसायला वाईट नाही. त्यात पीओपी असतं, पीओपी म्हणजे जिप्सम, जिप्सम म्हणजे सल्फेट, आणि सल्फेट ओल्या सिमेंटच्या मालाशी रिअ‍ॅक्शन करून फुगतं, रस्त्याखालचा बेस वर उचलला जाऊ शकतो. टाइल्सची चिनीमाती, विटा, लाकडाच्या फळ्या हेही त्याच डेब्रिजमधून येतात. ढिगाला ताडपत्री आणि वॉचमनला स्पष्ट सूचना, दोन्ही पाहिजेत.

क्रशर लागतो का?

खरं सांगायचं तर छोट्या कामात बऱ्याचदा लागत नाही. जुनं काँक्रीट ब्रेकरने सहा-नऊ इंचाचं फोडून सोलिंग म्हणून, म्हणजे तळाचा दगडांचा थर म्हणून, वापरता येतं, जिथे आपण एरवी रबल विकत आणून नऊ इंची सोलिंग करतो तिथे. हाताने उभे रचायचे, मधल्या फटी बारीक तुकड्यांनी आणि डस्टने भरायच्या, पाणी मारायचं आणि रोलर फिरवायचा. माझ्या मते सोसायटीसाठी हाच सगळ्यात फायद्याचा मार्ग आहे, मशिनचं भाडं नाही, टेस्टिंगची कटकट कमी, आणि माल गेटबाहेर जातच नाही.

दोन-तीनशे टनांच्या वर माल असेल आणि जागा असेल तर मोबाइल क्रशर आणण्याचा विचार करा. जॉ क्रशर दाबून फोडतो, डस्ट कमी निघते पण तुकडे चपटे येतात आणि मॉर्टर तसंच चिकटून राहतं. इम्पॅक्ट क्रशर आपटून फोडतो, आकार चांगला येतो, मॉर्टर बरंच सुटतं, पण डस्ट जास्त पडते. पैसे आणि जागा असेल तर आधी जॉ मग इम्पॅक्ट. बेल्टवर मॅग्नेट पाहिजेच, बारीक बाइंडिंग वायर तोच पकडतो. आणि बेल्टच्या बाजूला दोन माणसं उभी करा, प्लास्टिक आणि लाकूड हाताने उचलायला, यासाठी चांगल्या मशिन आहेत पण भाड्याच्या क्रशरवर त्या नसतात.

चाळणीनंतर ४० मिलिमीटरच्या वरचं परत क्रशरमध्ये, बाकीचं ४० ते २०, २० ते १०, १० ते ४.७५ आणि त्याखालची डस्ट असे ढीग.

आणि तिसरा मार्ग, माल प्लांटला पाठवणं. पालिकेसाठी दहिसरला आणि शिळफाट्याजवळ डायघरला डेब्रिजवर प्रक्रिया करणारे प्लांट उभे राहिलेत, प्रत्येकी रोज ६०० टन क्षमतेचे, आणि छोट्या लोकांसाठी डेब्रिज ऑन कॉल सेवा आहे. कुठला मार्ग घ्यायचा त्यासाठी एका कागदावर तीन आकडे लिहा, डेब्रिज बाहेर टाकायचा खर्च, तेवढीच नवीन खडी आणायचा खर्च, आणि क्रशर किंवा रचाईचा खर्च. पहिल्या दोनांची बेरीज तिसऱ्यापेक्षा जास्त असेल तर जागेवरच करा. काहीही करा पण स्वस्तात नेतो म्हणणाऱ्या डंपरला माल देऊ नका, तो खाडीत, तिवरांवर जाऊन पडतो आणि पावती नसेल तर तुम्हीच अडकता.

माल तपासायचा

पाणी शोषण्याची टेस्ट घरच्या घरी होते. २० एमएमची दोन-अडीच किलो खडी धुऊन २४ तास बादलीत भिजत ठेवा. बाहेर काढून जुन्या टॉवेलवर पसरा आणि दगडाची चमक जाईपर्यंतच पुसा, आतला ओलावा राहिला पाहिजे, मग वजन करा. नंतर ओव्हनमध्ये किंवा मोठ्या तव्यावर मंद आचेवर पूर्ण कोरडी करा, वजन उतरायचं थांबेपर्यंत. समजा ओली २,१०० ग्रॅम आणि कोरडी २,००० ग्रॅम, फरक १०० ग्रॅम, भागिले २,०००, म्हणजे ५ टक्के. तीन-चारच्या आत असेल तर माल छान, सात-आठच्या पुढे गेला तर मॉर्टर फार आहे, तो सोलिंग आणि भरावालाच ठेवा. भिजवताना पाण्यावर काय तरंगतं तेही बघा, थर्माकोल, लाकूड, फोम तरंगला की ढीग किती साफ आहे ते कळलं.

लॅबमधून एक टेस्ट कराच, इम्पॅक्ट व्हॅल्यू. १२.५ एमएममधून गेलेली आणि १० वर राहिलेली खडी कपमध्ये भरतात, त्यावर साधारण १४ किलोचा हातोडा ३८० मिलिमीटरवरून १५ वेळा पडतो, आणि २.३६ च्या चाळणीतून जेवढा चुरा खाली जातो त्याची टक्केवारी म्हणजे इम्पॅक्ट व्हॅल्यू. जीएसबीला (रस्त्याच्या तळाचा खडीचा थर) ४० पर्यंत चालते, डब्ल्यूएमएमला (त्याच्या वरचा, पाणी मिसळून अंथरलेल्या खडीचा थर) ३० पर्यंत. जुनं पीक्यूसी सहसा यात आरामात बसतं, डीएलसीचा माल डळमळतो, म्हणूनच वर म्हटलं की दोन थर वेगळे काढा.

वापरायचं कुठे

रस्त्याच्या कामांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी १२१ हे २०१७ चं गाइडलाइन आहे, काँक्रीटसाठी आयएस ३८३ या भारतीय मानकाचं २०१६ चं व्हर्जन. बेसला, म्हणजे सोलिंग, जीएसबी, डब्ल्यूएमएमला, ही खडी सगळ्यात शोभते. जुन्या सिमेंटचा न वापरलेला अंश डस्टमध्ये असतो, पाणी लागलं की थोडं धरतं, त्यामुळे रोल केलेला बेस काही महिन्यांत अजून घट्ट होतो.

काँक्रीटमध्ये आयएस ३८३ प्रमाणे काँक्रीटपासून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, आरसीसीमध्ये, म्हणजे सळईच्या काँक्रीटमध्ये, २० टक्क्यांपर्यंत आणि तेही फक्त एम २५ पर्यंत, आणि एम १५ च्या खालच्या लीन काँक्रीटमध्ये १०० टक्के. आता माझं मत, सोसायटीच्या कामात आरसीसीला हात लावू नका. समुद्राजवळच्या जुन्या काँक्रीटमध्ये क्लोराइड असू शकतं, सळईला ते मारक, आणि तुमच्याकडे त्याची टेस्ट करून घ्यायला ना वेळ ना बजेट. पीसीसीला, म्हणजे सळई नसलेल्या साध्या काँक्रीटला, वापरा, पेव्हर ब्लॉकच्या खालच्या बेसला वापरा. काँक्रीटमध्ये घालायची असेल तर आदल्या दिवशी ढीग भिजवा, नाहीतर ती मिक्सरमधलं पाणी पिऊन टाकते, स्लम्प पडतो म्हणजे माल घट्ट होतो, आणि मिस्त्री गपचूप दोन बादल्या पाणी वाढवतो, तिथे स्ट्रेंग्थ गेली. भिजलेली, पण वरून पाणी निथळलेली खडी पाहिजे.

अंथरणं आणि पाणी

बेस टाकताना नेहमीच्या खडीपेक्षा पाणी जास्त लागतं, ते लॅबमध्ये प्रॉक्टर टेस्ट करून काढा, किती पाण्यात माल सगळ्यात घट्ट बसतो ते तिच्यात कळतं. ८-१० टनी व्हायब्रेटरी रोलर असेल तर एक थर २०० मिलिमीटरच्या वर नको, गल्लीत फक्त प्लेट कॉम्पॅक्टर जात असेल तर १०० च्या वर नको. आणि हवा तेवढा घट्ट झाला की थांबा, उगाच फेऱ्या मारत राहिलात तर मॉर्टर सुटून चुरा होतो आणि वरती पिठासारखा थर जमतो. डंपरमधून ओतताना मोठे तुकडे कडेला घरंगळतात, ते फावड्याने परत मधे आणा.

आता पाण्याचा मुद्दा, जो मुंबईत सोडून चालणार नाही. या खडीतून झिरपणारं पाणी अल्कलाइन असतं, सुरुवातीला पीएच ११-१२ पर्यंत जातो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्यातला चुना पांढऱ्या खपलीसारखा जमतो, आणि ड्रेनभोवती जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी गाळणारं कापड, गुंडाळलेलं असेल तर तो कपडा बंद करून टाकतो. म्हणून ड्रेनच्या पाइपभोवती ताजी काळी खडीच टाका. रेन वॉटर हार्वेस्टिंगच्या खड्ड्यात आणि रिंगवेलच्या आसपास ही खडी अजिबात नको, डस्ट तर मुळीच नको. झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटर मोकळं सोडा. ॲल्युमिनियम किंवा गॅल्व्हनाइज्ड पाइप जात असेल तर त्याभोवती वाळूचा थर द्या. खडी आधी धुतली तर हा त्रास बराच कमी होतो, फक्त धुतलेलं पाणी गटारात न सोडता एका खड्ड्यात निवळू द्या.

डस्ट उरतेच, आणि ती सगळ्यात कमकुवत भाग असते कारण जुनं मॉर्टर तिथेच गोळा होतं. सोलिंगच्या फटी, पाइप ट्रेंचचा भराव, यात जेवढी जिरेल तेवढी जिरवा, बाकीची पेव्हर ब्लॉकवाल्याला विचारा, काही जण घेतात.

काम झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात, जुलैमध्ये एखाद्या दिवशी पाऊस थांबला की चेंबरची झाकणं उघडून आत टॉर्च मारा. पाइपच्या तोंडाशी पांढरी खपली दिसली तर ती ओली असतानाच पत्रीने खरवडून काढायला सांगा, दिवाळीपर्यंत ठेवलीत तर छिन्नी-हातोडी लागेल.